दुसरी किल्ली कोणाच्या हाती?

महाराष्ट्रातल्या बहुतेक पगारदारांच्या पगारपत्रकात दर महिन्याला दोनशे रुपयांची एक कपात असते. फेब्रुवारीत ती तीनशे होते. वर्षाचे मिळून अडीच हजार. तिला व्यवसाय कर म्हणतात. प्राप्तिकराची घराघरांत चर्चा होते, तो वाचवण्यासाठी सल्लागार गाठले जातात. या अडीच हजारांकडे मात्र कोणी ढुंकून पाहत नाही. ते कशासाठी कापले जातात, असे दहा सुशिक्षितांना विचारले तर नऊ जण खांदे उडवतील. म्हणून आज रविवारच्या निवांत सकाळी तिथूनच सुरुवात करू या.

हा कर १९७५ साली आला तो एका विशिष्ट हेतूने. खेड्यात ज्याच्या हाताला काम नाही, त्याला सरकारने काम द्यावे आणि त्या मजुरीचा थोडा भार शहरातल्या नोकरदाराने, व्यापाऱ्याने, डॉक्टर-वकिलाने उचलावा, असा तो विचार होता. या करातून जमेल तेवढीच रक्कम राज्य सरकारनेही घालावी, असे ठरले. शहर आणि खेडे यांच्यातला तो एक करारच होता म्हणा ना! सुरुवातीला या कराची कमाल मर्यादा वर्षाला अडीचशे रुपये होती. १९८८ च्या घटनादुरुस्तीने ती अडीच हजारांवर गेली. करार करणाऱ्यांपैकी एका बाजूला आपण असा करार केल्याचे आठवतही नाही, ही गोष्ट वेगळी.

ती योजना म्हणजे रोजगार हमी. आपल्या राज्याने देशाला दिलेल्या मोजक्या चांगल्या गोष्टींपैकी एक. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या पुढाकाराने सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात, विसापूर येथे १९६५ साली तिचा पहिला प्रयोग झाला. मग १९७२ चा दुष्काळ आला आणि वसंतराव नाईकांच्या सरकारला अख्ख्या राज्याच्या हाताला काम शोधावे लागले. मे १९७३ च्या सुमारास दुष्काळी कामांवर जवळजवळ पन्नास लाख माणसे होती. त्या अनुभवातून १९७७ चा रोजगार हमी कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. काम मागितल्यापासून पंधरा दिवसांत काम, नाही तर बेकारी भत्ता. ‘मागेल त्याला काम’ ही तोवर सभेतली घोषणा होती, ती कायद्याची भाषा झाली.

आमचे देवणी तेव्हा उदगीर तालुक्यात आणि उस्मानाबाद जिल्ह्यात होते. लातूर जिल्हा व्हायला १९८२ उजाडायचे होते. बहात्तरच्या दुष्काळात मी शाळकरी पोर. या गावाचे नाव ज्या गोवंशाला मिळाले, ती देखणी देवणी जनावरे दावणीवरून सुटून कवडीमोलाने बाजारात गेलेली मी पाहिली आहेत. कधी उंबऱ्याबाहेर कामाला न गेलेल्या बाया पदर पुढे ओढून खडी फोडायला बसल्या. सुकडी आणि मिलोच्या लाल भाकरी यांची चव त्या पिढीच्या जिभेवरून अजून गेलेली नाही. तेव्हा झालेले पाझर तलाव, बांध, रस्ते यांतले काही आजही टिकून आहेत. काही पहिल्याच पावसात वाहून गेले, तर काही मुळात झालेच नव्हते.

आजच्या लेखाचा विषय हा शेवटचा प्रकार आहे. म्हणजे, झालेच नव्हते आणि तरीही ज्यांचे पैसे खर्ची पडले, ती कामे.

माझे अर्धे आयुष्य बँकेत गेले. बँकेच्या तिजोरीला दोन किल्ल्या असतात. एक रोखपालाकडे, दुसरी अधिकाऱ्याकडे. दोन्ही लागल्याशिवाय दार उघडत नाही. नव्याने लागलेला पोरगा विचारतो, ‘साहेब, आमच्यावर विश्वास नाही का?’ त्याला सांगावे लागते, की बाबा रे, हा विश्वास-अविश्वासाचा प्रश्नच नाही. तू प्रामाणिक आहेस हे उद्या सिद्ध करायची वेळ आली, तर ही दुसरी किल्लीच तुझ्या बाजूने साक्ष देईल. दुसरी किल्ली चोरासाठी जेवढी असते, त्याहून अधिक ती सज्जनासाठी असते. रोजगार हमीच्या तिजोरीची दुसरी किल्ली कोणाकडे होती आणि आज कोणाकडे आहे, हे पाहिले की तिच्या यशापयशाचा बराच उलगडा होतो.

पहिली किल्ली अर्थातच सरकारी यंत्रणेकडे राहिली. जिल्हाधिकारी, तहसीलदार, पाटबंधारे, बांधकाम, वन, कृषी ही खाती. देखरेखीसाठी विधिमंडळाची रोजगार हमी योजना समिती होती. ती जिल्ह्यात यायची म्हटले की खाती खडबडून जागी होत, रजिस्टरे रातोरात पुरी होत. पण समिती येई आणि जाई. गाव मात्र तिथेच असे आणि गावाला कोणी विचारत नसे. मस्टर कारकुनाच्या पिशवीत आणि माप अभियंत्याच्या वहीत. ज्याच्या नावावर मजुरी निघाली, त्याला ते कधी दिसतच नसे.

या मस्टरविषयी थोडे सांगतो, कारण बँकेखेरीज कादंबरी हा माझा दुसरा धंदा आहे आणि खोटे कसे रचतात ते त्या धंद्यात शिकायला मिळते. खरे मस्टर वेडेवाकडे असते. त्यात आठवडी बाजाराच्या दिवशी निम्मी माणसे नसतात. कोणाचे लेकरू आजारी असते, कोणाच्या भावकीत मयत झालेली असते, कोणी पोळ्याला माहेरी गेलेली असते. खोटे मस्टर मात्र सरळसोट असते. त्यात कोणी आजारी पडत नाही, कोणाच्या घरी लग्न नसते, सगळे जण सगळे दिवस हजर! वाईट कादंबरीकारासारखीच खोटे मस्टर लिहिणाऱ्याचीही चूक होते. त्याला माणसांचे जगणे ठाऊक नसते. हे खोटेपण मुंबईच्या सचिवाला ओळखता येणार नाही, दिल्लीच्या संगणकाला तर नाहीच. पण गावातल्या कोणत्याही म्हातारीपुढे ती यादी मोठ्याने वाचा. ती म्हणेल, ‘हा गडी तर दिवाळीपासून हैदराबादला हाय की! आन ह्यो? ह्यो तर वारला दोन वर्सांमागं.’

ही साधी गोष्ट राजस्थानातल्या मजूर किसान शक्ती संघटनेने सर्वांआधी ओळखली. २ डिसेंबर १९९४ रोजी पाली जिल्ह्यातल्या कोट किराना गावात त्यांनी पहिली जनसुनावणी घेतली. त्यांनी सरकारी कामांची कागदपत्रे मिळवली आणि गावापुढे वाचली, बस्स. ‘हमारा पैसा, हमारा हिसाब’ ही त्यांची घोषणा. त्या वाचनातून पुढे माहितीच्या अधिकाराची चळवळ उभी राहिली आणि २००५ साली देशाला तो कायदा मिळाला. त्याच वर्षी आपल्या रोजगार हमीच्या धर्तीवर राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायदाही झाला. १ एप्रिल २००८ पासून तो देशाच्या सर्व ग्रामीण जिल्ह्यांना लागू झाला आणि २००९ मध्ये त्याला महात्मा गांधींचे नाव मिळाले.

या केंद्रीय कायद्याने महाराष्ट्राच्या जुन्या कायद्यात जे नव्हते ते केले. दुसरी किल्ली त्याने गावाच्या हाती ठेवली. खर्चाच्या हिशेबाने निम्मी तरी कामे ग्रामपंचायतीमार्फत व्हावीत, कामे ग्रामसभेने सुचवावीत आणि झालेल्या कामांचा हिशेब ग्रामसभेनेच तपासावा. या तपासणीला सामाजिक अंकेक्षण असे भारदस्त नाव आहे. २०११ च्या नियमांनी ते सहा महिन्यांतून एकदा व्हावे, असे सांगितले. कागदावर याहून चांगली रचना सुचणे अवघड आहे.

मग बिघडले कुठे? पहिले म्हणजे ग्रामसभा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या तिच्या ठरलेल्या तारखा. गणपूर्तीला पंधरा टक्के मतदार किंवा शंभर, यांतली कमी असेल ती संख्या लागते. खेड्यात राहिलेल्या कोणालाही विचारा, झेंडावंदन झाले की निम्मा गाव पांगतो आणि सभेचे रजिस्टर सह्यांसाठी घरोघर फिरते. त्यातही २६ जानेवारीला जो सगळ्यात गरजू आहे तो गावात नसतोच. तो ऊसतोडीला कारखान्याच्या फडावर नाही तर पुण्या-हैदराबादच्या बांधकामावर असतो. ज्याच्या नावाने हिशेब लिहिला जातो, त्याच्या गैरहजेरीत तो मंजूर होतो.

दुसरे म्हणजे ग्रामसभेच्या वरचे मजले. लोकांनी निवडलेली जिल्हा परिषद आणि पंचायत समिती यांनी गावाच्या कामावर नजर ठेवायची. पण लातूरसह राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढे तीन वर्षांहून अधिक काळ निवडणुका झाल्या नाहीत. सगळा कारभार प्रशासकांच्या हाती राहिला. अधिकारी वाईट असतात असे मी म्हणत नाही. पण खर्च करणारा आणि खर्च तपासणारा एकच, ही व्यवस्था कुठल्याही बँकेच्या शाखेत एक दिवसही चालू देत नाहीत. जिल्ह्यांत ती तीन वर्षांहून अधिक काळ चालली.

तिसरी गोष्ट खास आमच्या देवणीसारख्या गावांची. देवणी तालुक्याचे ठिकाण झाले आणि पुढे नगरपंचायतही झाली. पाटी बदलली, नगराध्यक्ष आले. पण नगरपंचायत झाली की ग्रामसभा संपते आणि केंद्राच्या ग्रामीण रोजगार हमीचे क्षेत्रही गावच्या वेशीपाशी थांबते. कालपर्यंत शेतमजुरी करणारी बाई आजही शेतमजुरीच करते, फक्त कायद्याच्या लेखी ती आता शहरात राहते! तिला काम मागायचा तो हक्क नाही आणि हिशेब विचारायला ग्रामसभाही नाही. बढती मिळालेल्या गावांत गरिबांची अशी पदावनती झाली, याची फारशी चर्चा झाली नाही.

गावाची किल्ली अशी गंजत असताना सरकारने तिसरीच किल्ली बनवून आणली, ती यंत्राची. १ जानेवारी २०२३ पासून कामावरची हजेरी मोबाइलच्या ॲपवर, दिवसातून दोनदा फोटो काढून घेणे सक्तीचे झाले. १ जानेवारी २०२४ पासून मजुरी आधारशी जोडलेल्या खात्यातच देण्याचा दंडक आला. हेतू चांगलाच होता. बोगस नावे गाळायची होती. झाले काय? जुलै २०२५ मध्ये केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयालाच राज्यांना पत्र लिहून सांगावे लागले, की कामाशी संबंध नसलेले फोटो चढवले जात आहेत, फोटोचाच फोटो काढून हजेरी लावली जात आहे. म्हणजे लबाडाला यंत्राने अडवले नाही, अडवले ते भलत्यालाच. ज्या माळावर मोबाइलला रेंज नाही तिथली बाई दिवसभर राबूनही गैरहजर ठरली. आधारवर ‘शांताबाई’ आणि खात्यावर ‘शांता’ असल्यामुळे मजुरी अडकलेली माणसे मी बँकेच्या काउंटरपलीकडे कित्येकदा पाहिली आहेत. ‘सायेब, पैशे आलेत का बगा की,’ एवढाच त्यांचा प्रश्न असे. २०२५-२६ साठी महाराष्ट्रात या कामाचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. त्यासाठी तालुक्याला दोन खेपा घातल्या की एक दिवसाची मजुरी एसटीत आणि बुडालेल्या रोजात गेली म्हणून समजा.

देखरेखीचा रोख कोणाकडे असावा, याचा विचार इथे करायला हवा. आज सगळी तपासणी मजुराची होते. त्याचा अंगठा, त्याचा फोटो, त्याचे डोळे तपासायचे. ज्याने अंदाजपत्रक केले, माप लिहिले, बिल काढले, त्याच्या अंगठ्याचे काय? ३१ मार्च २०२३ रोजी फुलंब्रीच्या पंचायत समितीपुढे एका सरपंचाने दोन लाख रुपयांच्या नोटा रस्त्यावर उधळल्या, ते अनेकांनी दूरचित्रवाणीवर पाहिले असेल. शेतकऱ्यांच्या विहिरी मंजूर करायला टक्केवारी मागितली जाते, असा त्याचा आरोप होता. आरोपाचा निवाडा करणे आपले काम नव्हे. पण विचार करा, निवडून आलेल्या सरपंचाला गाऱ्हाणे मांडायला रस्ता आणि नोटांचा पाऊस याखेरीज दुसरी जागा सापडू नये, यातच देखरेखीच्या व्यवस्थेचे अंकेक्षण होऊन गेले.

कोणी म्हणेल, ‘अहो, गावावर एवढा विश्वास कशाला? गावातच तर सगळ्या भानगडी असतात.’ आक्षेप खोटा नाही. गाव म्हणजे काही साधुसंतांचा मेळा नव्हे. रोजगार हमीवर मजूर गेले की शेतावरच्या रोजाचा भाव वाढतो, म्हणून ही योजना नको असलेले बागायतदार गावातच असतात. सरपंचाचा पुतण्या जेसीबीचा मालक असतो. विहीर यंत्राने खणली जाते आणि मस्टरवर माणसे चढतात, ज्यांची नावे चढली त्यांना शंभर-दोनशे रुपये देऊन खाते वापरायला घेतले जाते. ज्याच्या शेतात उद्या कामाला जायचे आहे, त्याच्याविरुद्ध आज ग्रामसभेत उभे राहून बोलणे सोपे नसते. भूमिहीनाला ते परवडत नाही आणि एकट्या बाईला तर मुळीच नाही.

पण या आजारावर उपाय आपल्या शेजारीच सापडला होता. देवणीहून कर्नाटकाची हद्द ओलांडून पुढे गेले की तेलंगणाचा मुलूख लागतो. तो जेव्हा एकत्रित आंध्र प्रदेशात होता, तेव्हा २००६ पासूनच तिथे सामाजिक अंकेक्षणाचा गंभीर प्रयत्न सुरू झाला आणि २००९ मध्ये त्यासाठी खात्यापासून वेगळी, स्वायत्त संस्था उभी राहिली. मजुरांच्याच घरांतली शिकलेली मुले-मुली निवडायची, त्यांना मस्टर, मापपुस्तक वाचायला शिकवायचे आणि तपासणीला स्वतःच्या नव्हे, तर दुसऱ्या गावात पाठवायचे. ती घरोघर जाऊन खातेपुस्तके ताडून पाहत, काम प्रत्यक्ष मोजत आणि शेवटी मंडलाच्या ठिकाणी, अधिकाऱ्यांच्या समक्ष, सगळे जाहीर वाचून दाखवत. बँकेत आम्ही हेच करतो. शाखेची तपासणी शाखेचा अधिकारी करत नाही, बाहेरून माणूस येतो. पण खातेदार कोण आणि कर्जदार कोण, हे त्याला शेवटी गावातच विचारावे लागते. बाहेरच्याची निर्भयता आणि आतल्याची माहिती, दोन्ही लागतात. तिथेही सापडलेल्या पैशांची वसुली पुरेशी झाली नाही, हे खरे. पण निदान काय चोरीला गेले ते गावाला कळले.

महाराष्ट्रातही या कामासाठी संस्था आहे, नियम आहेत. उणीव आहे ती इच्छेची. आणि देखरेख नीट झाली नाही की शिक्षा कोणाला होते, हे पश्चिम बंगालमध्ये दिसले. गैरव्यवहाराचे कारण देऊन केंद्राने मार्च २०२२ पासून तिथला निधीच थांबवला. गैरव्यवहार केला तो वरच्या माणसांनी, चुली विझल्या त्या मजुरांच्या. तीन वर्षांनी, जून २०२५ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाला योजना पुन्हा सुरू करा असे सांगावे लागले. शाखेत अफरातफर झाली म्हणून आम्ही कधी खातेदारांच्या ठेवी गोठवल्या नव्हत्या!

आता तर सगळा पटच नव्याने मांडला गेला आहे. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने मनरेगाची जागा घेणारा नवा कायदा संमत केला. हमीचे दिवस शंभराचे सव्वाशे झाले. पण खर्चाची विभागणी बहुतेक राज्यांसाठी साठास चाळीस अशी ठरली आणि पेरणी-कापणीच्या हंगामात साठ दिवसांपर्यंत कामे थांबवण्याची तरतूद आली. बायोमेट्रिक हजेरी आणि कृत्रिम बुद्धिमत्ता यांवर त्यात मोठी भिस्त आहे. ग्रामसभेचे सामाजिक अंकेक्षणही त्यात आहे. या कायद्याचे बरेवाईट राजकीय पक्षांनी बोलावे. आपल्यापुरते एवढे लक्षात घेतले पाहिजे, की चाळीस टक्के भार राज्यावर म्हणजे तो आपल्याच करांतून जाणार. पन्नास वर्षांपूर्वीचा तो करार नव्या शाईने पुन्हा लिहिला जातो आहे.

या मुलुखाला दुष्काळ आणि हिशेब यांची एक जुनी गोष्ट ठाऊक आहे. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुर्गादेवीच्या दुष्काळात बादशहाची धान्याची कोठारे लोकांसाठी खुली केली. बादशहा होता बेदरचा, म्हणजे देवणीच्या अगदी शेजारचा. पंतांना पकडून आणायला शिपाई निघाले, तेव्हा विठ्ठल विठू महाराचे रूप घेऊन बेदरच्या दरबारात गेला आणि सगळ्या धान्याची किंमत चुकती केली. गोष्ट आपण इथवर सांगतो आणि हात जोडतो. पण पुढचा तपशील मला नेहमी मोठा वाटत आला आहे. देवाने पैसे भरले आणि पावती घेतली. ती पंतांच्या पोथीत नेऊन ठेवली. करुणा केली म्हणून हिशेब सोडला नाही आणि हिशेब मागितला जाईल म्हणून करुणाही थांबवली नाही.

तेव्हा करायचे काय? फार मोठे काही नाही. ऊसतोडीची माणसे उन्हाळ्याच्या तोंडाला गावी परततात, तेव्हा अंकेक्षणाची खास ग्रामसभा घ्यावी. तिच्या आधी कायद्याने सांगितलेली महिलांची सभा खरोखर भरवावी, कारण कोण कामावर होते आणि कोण नव्हते हे बायकांना नेमके ठाऊक असते. वर्षभराचे मस्टर नावानिशी, रकमेनिशी मोठ्याने वाचावे, तपासायला दुसऱ्या तालुक्यातली माणसे असावीत आणि गटविकास अधिकारी व तहसीलदार दोघेही समोर बसलेले असावेत. नगरपंचायत झालेल्या गावांतल्या मजुरांसाठी राज्याने आपल्या जुन्या हमीचे दार उघडावे.

आणि आपण शहरात, तालुक्यात राहणाऱ्यांनी काय करावे? बहुतेकांचे एक गाव असते. सुटीत, जत्रेला, लग्नकार्याला आपण तिथे जातो, चावडीशी चहा पितो, ‘गाव सुधारत नाही’ म्हणून परततो. पुढच्या खेपेला ग्रामपंचायतीत जाऊन तेवढे एक मस्टर मागावे आणि पारावर बसून वाचावे. पहिल्या पाच नावांतच आजूबाजूची मंडळी जवळ सरकतील. दहाव्या नावाला कोणीतरी हसेल. विसाव्याला कोणीतरी म्हणेल, ‘थांबा, ते नाव पुन्हा एकदा वाचा बरं.’